पिंटोचे ११ डॉलर आणि आपल्या एअरबॅगा: जिवाचा हिशोब कंपनीने करावा का?

तिरकस_तात्या
मुलीच्या एमबीएच्या नोट्स चाळत होतो, त्यात फोर्डच्या पिंटो गाडीची केस आली आणि डोकंच सटकलं. १९७० साली आलेली छोटी स्वस्त गाडी, पेट्रोलची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे, मागून कोणी ठोकलं की टाकी फुटून आग. आणि फोर्डच्या १९७३ च्या एका कागदात चक्क जमाखर्च मांडलाय. जळून मेलेले १८०, प्रत्येकी २ लाख डॉलर, गंभीर भाजलेले १८०, प्रत्येकी ६७ हजार, जळालेल्या गाड्या २१००, प्रत्येकी ७००. एकूण साधारण ४ कोटी ९५ लाख डॉलर. उलट बाजूला सव्वा कोटी गाड्यांना प्रत्येकी ११ डॉलरची दुरुस्ती म्हणजे साधारण १३ कोटी ७५ लाख. म्हणजे दुरुस्ती परवडत नाही, मरू देत लोक! आणि याला म्हणे युटिलिटेरियन विचार म्हणायचं, जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख. माझं सरळ मत आहे, कंपन्यांना हे तत्त्वज्ञान शिकवूच नये, माकडाच्या हाती कोलीत.

गणित_मास्तर
तात्या, ही केस सगळीकडे अर्धीच सांगतात. तो कागद पिंटोचा नव्हताच. गाडी उलटल्यावर पेट्रोल गळण्याबद्दल सरकार नवा नियम आणत होतं, त्याला विरोध म्हणून फोर्डने वाहतूक सुरक्षा खात्याकडे दिलेला तो हिशोब, अमेरिकेतल्या सगळ्या गाड्या आणि हलके ट्रक धरून. आणि २ लाखांचा आकडा फोर्डच्या डोक्यातून आला नाही, तो सरकारी खात्याचाच होता. जिवाची किंमत सगळेच करतात हो, फक्त बोलत नाहीत. घाटात कठडा कुठे बांधायचा आणि कुठे नुसता पांढरा दगड लावायचा हे पीडब्ल्यूडी काय गणपतीला कौल लावून ठरवतं का?

तिरकस_तात्या
कागद पिंटोचा नव्हता हे नव्हतं माहीत, मान्य. पण मग पिंटो निर्दोष का? १९७८ ला कॅलिफोर्नियाच्या ज्युरीने साडेबारा कोटी डॉलरचा दंड ठोकला, उगाच?

गणित_मास्तर
निर्दोष कुठे म्हटलं मी. (तो दंड जजने नंतर ३५ लाखांवर आणला, तेही सांगा की.) त्या खटल्यात पुढे आलेला पुरावा तर जास्त वाईट आहे. फोर्डच्या स्वतःच्या क्रॅश टेस्टमध्ये टाक्या फुटल्या होत्या आणि टाकीच्या आत नायलॉनची पिशवी घालायला गाडीमागे सव्वापाच ते आठ डॉलर लागले असते. त्याच वर्षी १५ लाख गाड्या परत बोलावल्या, पण केव्हा, बोभाटा झाल्यावर. माझं म्हणणं एवढंच की राग हिशोबावर काढू नका.

चाकणकर
मी ऑटो पार्टच्या क्वालिटीत १४ वर्षं काढली म्हणून लिहितोय. आमच्या एका जुन्या कंपनीत (नाव नाही घेणार) वायरिंग हार्नेसची (गाडीतल्या तारांच्या जुडग्याची) क्लिप सैल बसायची, नवीन क्लिप चाळीस पैशांनी महाग. मीटिंगमध्ये कोणी जिवाची किंमत बिंमत काढली नाही, नुसतं म्हणाले पीपीएम (दहा लाखांमागे खराब नग) लिमिटमध्ये आहे ना, मग डेव्हिएशनवर (म्हणजे दोष माहीत असून खास परवानगीने) सोडा, लाइन थांबता कामा नये. झालं, माझीही सही आहे त्यावर. मास्तर म्हणतात तसा हिशोब कोणी मांडला असता तर निदान क्लिप निसटली तर पुढे काय होतं हा प्रश्न तरी टेबलावर आला असता. फोर्डने निदान आकडा लिहिला तरी, आमच्याकडे लिहितच नाहीत, म्हणून सापडतही नाहीत.

उन्हाळी_वाळवण
चाकणकर, लिहिला म्हणून काय पुण्य लागतं का? मुद्दा असा आहे की हिशोब कोणाच्या वहीत होतो. युटिलिटेरियन विचार मांडणाऱ्या बेंथमच्या हिशोबात सगळ्यांचं सुखदुःख सारखं मोजायचं असतं आणि ते करणारा तिऱ्हाईत पाहिजे. इथे वाचलेले ११ डॉलर कंपनीचे नाहीतर फार तर गिऱ्हाइकाचे आणि जळणारा वेगळाच, त्याला टाकी कुठे आहे हे माहीतही नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, इथे अक्षरशः. हा युटिलिटेरियनिझम नाहीच, ही साधी कॉस्टिंग शीट आहे, तिला तत्त्वज्ञानाची झूल घातलीये.

गणित_मास्तर
ताई, हे पटलं. पण आपल्याकडची गोष्ट घ्या, तिथे गिऱ्हाईक आणि मरणारा एकच आहे. २०१४ ला ग्लोबल एनकॅपने (गाड्या ठोकून सुरक्षेचे स्टार देणारी संस्था) आपल्या बिनएअरबॅगच्या गाड्या ठोकून बघितल्या, नॅनोला शून्य, अल्टोला शून्य. सगळे ओरडले. पण नॅनो कशासाठी काढली होती? नवरा, बायको, दोन पोरं एका स्कूटरवर भिजत जातात म्हणून. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यात ४४ टक्के दुचाकीवाले. शून्य स्टारच्या डब्यात बसलेला माणूसही स्कूटरवरच्यापेक्षा बरा असेल तर गाडी महाग करून त्याला परत स्कूटरवर बसवणं कुठली नीती? सहा एअरबॅगा सक्तीच्या करायची चर्चा झाली तेव्हा मारुतीचे चेअरमन भार्गव हेच म्हणत होते.

उन्हाळी_वाळवण
आणि गडकरी तेव्हाच लोकसभेत विचारत होते की एअरबॅग ८०० रुपयांना पडते, तुम्ही १५ हजार कसे लावता. स्कूटरवाल्याचा कळवळा असेल तर तो नफ्यातून दाखवा की, त्याच्याच छातीवरची एअरबॅग काढून काय दाखवता!

चाकणकर
८०० फक्त एअरबॅगचे. सेन्सर, ईसीयू (एअरबॅग कधी फुगवायची ते ठरवणारा कंट्रोलर), वायरिंग, स्ट्रक्चरचे बदल, टेस्टिंग हे धरा, बरंच वर जातं. १५ हजार होतं असंही नाही म्हणत मी. पण एक सांगतो, त्याच २०१४ च्या टेस्टमध्ये आमच्या चाकणला बनणाऱ्या पोलोलाही बिनएअरबॅगची म्हणून शून्यच मिळालं, तर कंपनीने ते मॉडेल विकणंच बंद केलं आणि दोन एअरबॅगवाल्या पोलोला चार स्टार आले. म्हणजे करता येत होतंच, बेस मॉडेलची किंमत ब्रोशरमध्ये आकर्षक दिसावी म्हणून थांबलं होतं. ड्रायव्हरची एअरबॅग तरी सरकारने २०१९ ला सक्तीची केली तेव्हाच सगळीकडे आली. तात्या, गप्प झालात, तुमच्याकडे कुठली गाडी?

तिरकस_तात्या
२०१२ ची हॅचबॅक. एअरबॅगवालं व्हेरियंट पन्नासेक हजारांनी महाग होतं. बेस घेतलं, आणि वाचलेल्या पैशातले बारा हजार टाकून मस्त म्युझिक सिस्टीम बसवली. अजून वाजते.