जुनी आरामखुर्ची, बिडाचा बाक की नवा ‘गार्डन सोफा’? आपल्या उन्हात काय घ्यावं?

ओसरीवाली (परभणी)

घर बांधून झालं. समोर ऐसपैस ओसरी, तिच्यापुढे उघडं अंगण, तोंड पश्चिमेला. आता बसायचं कशावर यावरून घरात दोन तट पडलेत. मला जुन्या वस्तू हव्यात. ओसरीत लांब हातांच्या दोन सागवानी आरामखुर्च्या (हातांवर पाय टाकून पडता येतं त्या), आणि अंगणात बिडाचा (म्हणजे ओतीव लोखंडाचा) पांढरा नक्षीदार बाक. संभाजीनगरला जुन्या सामानाच्या एका दुकानात दोन्ही पाहून आले. खुर्च्यांची जोडी तीस हजार, बाक बावीस. घरच्यांचं म्हणणं, एवढ्यात प्लॅस्टिकच्या वेताचा नवाकोरा सोफा येतो, गादीसकट, घरपोच.

माझं मत आधीच सांगते. तसला सोफा शेजाऱ्यांच्या गच्चीवर आहे. दोन उन्हाळ्यांत पट्ट्या तडकल्या, ओढलं की तुकडा हातात येतो. तो पुन्हा विणून देणारा माणूस मिळत नाही. जुन्या खुर्चीचा वेत फाटला तर नवा विणता येतो, सागवान काळवंडलं तर घासून तेल देता येतं. जी वस्तू दुरुस्तच होत नाही ती स्वस्त कशी म्हणायची? विरोधात बोला, जरूर बोला. पण ‘जुनं म्हणजे भंगार’ एवढंच सांगायचं असेल तर ते मी घरी रोज ऐकतेय.

जालन्याचा लोखंडी

भंगार म्हणणार नाही, माझं पोट भंगारावरच चालतं! पण तुमचा हिशोब अर्धाच आहे. त्या आरामखुर्च्या बाहेर ठेवायला कधी केल्याच नव्हत्या. इंजिनिअर, कलेक्टर, चहाच्या मळ्यांचे साहेब यांच्या बंगल्यांचे व्हरांडे खोल असत, पुढे चिकाचे (बांबूच्या काड्यांचे) पडदे सोडलेले असत. तुमची ओसरी पश्चिमेची. तीन वाजल्यापासून सूर्य बुडेपर्यंत ऊन सरळ आत येणार.

त्यात वेत म्हणजे ओल्या जंगलातला वेल. आसाम, केरळ, अंदमान इकडचा. आपल्याकडे मार्च उजाडला की हवेत ओल म्हणून राहत नाही. मग वेत कडक पडतो आणि चौकटीच्या भोकापाशी, जिथे तो वळतो तिथेच, पहिल्यांदा तुटतो. एक तुटला की शेजारचे चार सैल. परभणीत वेत विणणारा आहे का, ते आधी शोधा. पूर्वी अंध शाळांमधून मुलांना हे काम शिकवत. आता तिथेही किती शिकवतात कुणास ठाऊक.

आणि बाकाचं. दुकानात परत जाल तेव्हा पर्समध्ये चुंबक टाका. चिकटला नाही तर तो बाक बिडाचा नाही, ॲल्युमिनियमचा ओतीव आहे, वरून पांढरा रंग. जुना तर अजिबात नसणार.

रंधा (नांदेड)

सुतारकाम करतो, म्हणून दोन शब्द. लोखंडी भाऊंचं वेताचं म्हणणं खरं आहे, पण त्यावर उपाय अवघड नाही. उन्हाळ्यात मधूनमधून बसणीच्या खालच्या बाजूने ओल्या फडक्याने वेत पुसायचा. वरून नको. वरच्या बाजूला साल असते, तिच्यातून पाणी मुरत नाही. खालून भिजला की वेत लवचिक होतो आणि वाळताना पुन्हा ताणतो. झोळ पडलेली बसणीसुद्धा गरम पाण्याच्या फडक्याने बरीच वर येते.

खरी पारख लाकडाची करा. खुर्ची उलटी करून बघा. फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले तर एक तर ती नवी आहे नाही तर अलीकडे खोललेली आहे. तो स्क्रूच 1930 नंतरचा. जुन्या कामात सरळ एका चिरेचे स्क्रू किंवा लाकडी खुंट्या असतात. मग वेत कसा बसवलाय ते बघा. चौकटीला एकेक भोक पाडून त्यातून ओवला असेल तर हाताचं विणकाम. सगळीकडे सारखी खाच मारून तयार जाळी पट्टीने दाबली असेल तर ते हल्लीचं काम. वाईट नाही, पण त्याला जुन्याचा भाव देऊ नका.

शेवटी पायांच्या तळाशी बघा. सागाचा काळसर गाभा उधई सहसा खात नाही, पण कडेचं पांढुरकं लाकूड ती आणि भुंगा दोघं खातात. ठोकल्यावर पोकळ वाजलं किंवा खाली पिठासारखा भुसा पडला तर हात जोडून परत या. वार्निशखाली पांढुरका भाग लपवायची युक्ती आमच्याच धंद्यातली आहे.

औसा रोड

सगळेच जुनं-जुनं करायलेत. दुकानदार जे इकायलाय ते कुणाच्या तरी वाड्यातलंच हाय की. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटेच्या भूकंपात किल्लारीकडं दगडमातीची घरं माणसांवर आली. तेव्हापासून आमच्या भावकीत जुन्या घरात झोपायला कुणी तयार नव्हतं. तुळया, खांब, खुर्च्या, मिळंल त्या भावानं गेलं. तेच आता तीस हजाराला शहरात मांडायचं आन् त्याला हौस म्हनायचं. मला तर बघवत न्हाई.

आन् बाहेर बसायला आपल्याकडं काय होतं? बाज. सागाचे खूर, सुती नवार. सांज झाली की अंगणात टाकायची, सकाळी भिंतीला उभी करायची. उन्हात ऱ्हायलीच न्हाई तर जळंल कशी? ढाळजेत (वाड्याच्या दारालगतच्या ओसरीत) बंगई म्हंजे झोपाळा, अंगणात बाज. ह्या लांब हाताच्या खुर्च्या सायबाच्या, आपल्या म्हाताऱ्यांना त्यातनं उठायला दोन माणसं लागतेत.

ओसरीवाली (परभणी)

औसा रोड, वाड्यांबद्दल बोललात ते मनाला लागलं. पण मी घेतली नाही म्हणून ती तुळई परत खांबावर जाणार नाही. दुकानात पडून राहिली तर कुणीतरी कापून त्याचे चहाचे ट्रे करील.

उठण्याचा मुद्दा मात्र पटला. बसणी खोल आणि मागे कललेली आहे, सासूबाईंना जमणार नाही. त्यांच्यासाठी सरळ पाठीची खुर्ची वेगळी ठेवीन. बाज रोज उचलायची म्हणता, ती उचलणार कोण? वाड्यात दहा माणसं होती, इथे आम्ही तिघं.

उदगीरकर

इतका वेळ वाचत होतो. ‘जुनं टिकाऊ’ या म्हणण्यातच घोळ आहे. जे सडलं, उधईने खाल्लं, चुलीत गेलं ते तुमच्या दुकानात पोचलंच नाही. उरलेल्या मूठभर चांगल्या वस्तू पाहून ‘पूर्वीचं कामच भक्कम’ म्हणायचं. पूर्वी हलकं कामही भरपूर होत होतं.

दुसरं, रंग. जुन्या बाकावर पांढऱ्या, हिरव्या रंगाचे थर चढलेले असतात. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90) जास्त नको हा नियम 2016 चा, लागू झाला 2017 ला. त्याआधीच्या रंगात किती असेल याचा भरवसा नाही. तो कोरडा घासू नका, धूळ पोरांच्या पोटात जाते. पाणी लावून घासा, तोंडाला फडकं नको, चांगला मास्क लावा, आणि घासलेला गाळ कुंड्यांत टाकू नका. ‘दुरुस्त करता येतं’ म्हणताना हे काम कुणी मोजत नाही.

मी स्वतः ॲल्युमिनियमचा बाक घेतलाय. नक्षी तीच. गंजत नाही, एकट्याने सरकतो. जुना दिसतो, जुना नाही, आणि माझी झोप उडालेली नाही.

जालन्याचा लोखंडी

उदगीरकर, दिसण्यापुरतंच हवं असेल तर भिंतीवर बाकाचा फोटो लावा की 😄

चेष्टा सोडा. बिडाच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. कोकणात लोखंड पावसाळ्यागणिक सोलून निघतं, आपली हवा कोरडी असल्याने इथे तेच निवांत टिकतं. वर्षाआड गंज काढून रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट, एवढं पुरतं. धोका आहे तो तुटण्याचा. बीड ठिसूळ. टेम्पोतून उतरवताना आपटलं की पाय जातो, आणि साध्या वेल्डिंगने ते धरत नाही. तापवून, वेगळ्या रॉडने जोडावं लागतं, तेही येणाऱ्याकडूनच. घेण्याआधी पायाच्या वळणावर बारीक चीर आहे का, नख फिरवून बघा.

पश्चिमेच्या अंगणात तो बाक दुपारभर तापणार. काळोख पडला तरी बसवणार नाही. बसायच्या जागी लाकडी पट्ट्या असलेला, फक्त बाजू बिडाच्या, असा मिळाला तर बघा.

औसा रोड

म्हंजे ऊन सरल्याबिगर बाहेर बसायचंच न्हाई हे सगळ्यांनीच कबूल केलं. मग बाजंनं काय घोडं मारलंय?

रंधा (नांदेड)

बाजेने काही मारलेलं नाही. नवार मात्र सुती घ्या, नायलॉनची उन्हाने चुरा होते.

ताई, भावाचं बोलू. तीस हजार जोडीला जास्त आहेत, वेत जुना असेल तर फारच. दुकानदाराला म्हणा, वेत काढून नुसत्या चौकटी द्या. वेताशिवाय चौकटीचं वजन, सांधे, उधई सगळं उघडं पडतं आणि भावही उतरतो. मग त्यावर वेत विणायचा की जाड सुती पट्टी ताणायची ते तुम्ही ठरवा. पट्टीची बसणी मी करून देतो, मळली की काढून धुता येते. सागाला वार्निश देऊ नका, पश्चिमेच्या उन्हात ते पापुद्रे धरतं. जवसाचं तेल, ‘उकळलेलं’ म्हणून तयार मिळतं ते (घरी उकळू नका), फडक्याने दोन हात. तेलाचे बोळे मात्र घडी करून कोपऱ्यात ठेवू नका, आपोआप पेटतात. पसरून वाळवा.

ओसरीवाली (परभणी)

नुसत्या चौकटींचं विचारते. बाक सध्या राहू दे, चुंबक घेऊन जाईन तेव्हा बघू. घरी अजून सोफ्याचंच चाललंय.

उदगीरकर

घरच्यांना माझ्याकडे पाठवा.