जुनी पोलो जीटी टीएसआय घ्यावी का? बजेट ६ लाख, कोल्हापूर

शिरोलीकर_०९

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे, राहायला कसबा बावड्यात. घरी वडिलांनी घेतलेली २०१२ ची स्विफ्ट डिझेल आहे, १ लाख ७० हजार रनिंग झालंय. तिनं कधी रस्त्यात सोडलं नाही, पण आता काढायची आहे आणि मनात एकच गाडी आहे, पोलो जीटी टीएसआय, फोक्सवॅगनची टर्बो पेट्रोल हॅचबॅक.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला मित्राच्या मामाच्या जीटीतून कागलपर्यंत गेलो होतो. दार लावल्याचा तो भरीव आवाज, आणि उजळाईवाडी सोडल्यावर मामांनी पाय दाबला तशी सीटला चिकटलेली पाठ. दहा वर्षं झाली, अजून डोक्यातून जात नाही.

उचगावात एक बघून ठेवली आहे. २०१६ ची, १.२ लिटर, १०५ पीएस ताकद, सात गिअरचा डीएसजी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ६४ हजार रनिंग, दुसरा मालक, एमएच-०९ पासिंग, रंग लाल. सव्वापाच सांगतोय, पाचला येईल असं वाटतंय.

अडचण अशी की पोलो २०२२ ला बंद झाली. पार्ट मिळतील का? डीएसजीबद्दल लोक घाबरवतात ते कितपत खरं? महिन्यातून दोनदा सासुरवाडीला कणकवलीला जाणं असतं, गगनबावडा आणि करूळ घाटातून. मुलगी सहा वर्षांची आहे, घाटात तिला उलटी होते, त्यामुळं मागची सीट फार आदळणारी नको. बायकोची तेवढी एकच अट आहे.

उद्यमनगर_काका

तुमचा प्रश्न गिअरबॉक्सचा आहे, पण मी आधी पुराचं विचारतो. ही गाडी ऑगस्ट २०१९ ला आणि जुलै २०२१ ला कुठं उभी होती?

मनापासून सांगतोय, कारण माझे पैसे यातच गेलेत. २०२० ला एका डीलरकडून हॅचबॅक घेतली. बाहेरून आरशासारखी. तीन महिन्यांनी एबीएसचा दिवा लागला, मग पॉवर स्टिअरिंग जड झालं, मग चालत्या गाडीत मीटर बंद. शेवटी सीटा काढून कार्पेट उचललं तर खाली वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडलेले. व्हीनस कॉर्नरच्या बाजूला बेसमेंटमध्ये पाण्यात होती, हे नंतर कळलं. ७० हजार घातले तरी गाडी पूर्ण बरी झाली नाही.

म्हणून बघायला जाताना टॉर्च घेऊन जावा. सीटबेल्टची पट्टी शेवटपर्यंत ओढून काढा, धुणारे लोक वरचा हातभर धुतात, आत गुंडाळलेला भाग तसाच राहतो. सीटच्या रेलचे बोल्ट बघा, गंज आहे का. स्टेपनी काढून तिच्या खालच्या खोबणीत हात फिरवा. फ्यूज बॉक्स उघडा. तुम्ही फौंड्रीवाले, दिवसभर वाळू हातात असते, गाळ आणि रस्त्याची धूळ यातला फरक तुमच्या बोटांना कळेल. विम्याचा क्लेम झालाय का तेही विचारून घ्या.

आता डीएसजी. हा ड्राय क्लचचा गिअरबॉक्स आहे. क्लच तेलात बुडालेले नसतात, त्यामुळं इंच इंच सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तापतात. हायवेला गिअर इतके पटकन पडतात की मन खूष होतं, ते खोटं नाही. पण काम निघालं तर खर्च लाखाच्या पुढं जाऊ शकतो. टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. संध्याकाळी सहाला तावडे हॉटेलच्या गर्दीत वीस मिनिटं रांगत चालवा. गाडी तापल्यावर दुसऱ्यातून पहिल्यात येताना थरथर किंवा झटका जाणवला तर किल्ली परत द्या.

माझं मत विचाराल तर २०२० नंतरची १.० टीएसआय शोधा. ११० पीएस, टॉर्क (ओढ) जीटीइतकाच १७५ एनएम, ऑटोमॅटिकला साधा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे ड्राय क्लचची भानगड नाही. मॅन्युअल पण मिळते, हायलाइन प्लस म्हणून. तिच्यावर जीटीचा बिल्ला नाही, पण इंजिन तेच. आणि हेच १.० इंजिन टायगुन, व्हर्टस, कुशाक, स्लाव्हियात चालू आहे, म्हणजे इंजिनच्या पार्टची काळजी बरीच कमी.

इचलकरंजी_ड्रायव्हर

दादा, मी २०२२ ची आय-ट्वेंटी एन लाइन चालवते, १२० पीएसची, डीसीटी म्हणजे हिलाही दोन क्लचचा ऑटोमॅटिक. रोज इचलकरंजी ते कोल्हापूर, बँकेत आहे. ताकदीबद्दल सगळे बोलतात, मी ब्रेकबद्दल बोलते. हिला चारही चाकांना डिस्क आहेत. गळीत हंगामात रात्री उसाची ट्रॉली समोर येते, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, दोन ट्रॉल्या एकामागं एक जोडलेल्या. जानेवारीत हातकणंगल्याच्या अलीकडं अशीच ट्रॉली शेवटच्या क्षणी दिसली. गाडी सरळ रेषेत थांबली, ऊस बॉनेटपासून हातभर लांब होता. त्या रात्रीपासून टायरमध्ये मी पैसे वाचवत नाही. नक्षी दोन मिलिमीटरवर आली की बदलते, कायद्याच्या १.६ ची वाट बघत नाही.

पण सस्पेन्शन साध्या आय-ट्वेंटीपेक्षा कडक आहे. तुमच्या लेकीला आधी मागं बसवून एक चक्कर मारा, मग ठरवा. उलटीचं म्हणाल तर माझ्या भाच्याला वळणापेक्षा वळणातल्या ब्रेकनं जास्त त्रास व्हायचा. वळणाच्या आधीच वेग कमी करून आत पाय हलका ठेवला की तो झोपून जातो.

पन्हाळा_सकाळी६

बजेट ताणणार असाल तर अल्ट्रोझ रेसर पण बघा भावा. २०२४ ला आली, १२० पीएस, सहा गिअर मॅन्युअल. जुनी टर्बो घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, पेट्रोल आता इ-२० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. आपल्याच कारखान्यांचं इथेनॉल, त्याचा अभिमान आहेच, पण एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. रबरी होज आणि फ्युएल लाइन तपासून घ्या. आणि घाट चढून वर आलात की लगेच इंजिन बंद करू नका, मिनिटभर चालू राहू दे, टर्बोचं तेल थंड होतं.

शिरोलीकर_०९

काल उचगावला जाऊन आलो. काका, तुमचे पाय धरायला पाहिजेत.

ड्रायव्हरची पट्टी ओढली, स्वच्छ. डावीकडची ओढली, स्वच्छ. मागच्या उजव्या सीटची ओढली, तर शेवटच्या वीतभर भागावर तपकिरी रेघ, एकदम सरळ, पट्टीनं आखल्यासारखी. नखानं खरवडलं आणि बोटांत चोळलं. आमच्या मोल्डिंगच्या वाळूचा दाणा बोटाला टोचतो. हे पिठासारखं मऊ होतं. पंचगंगेचा गाळच तो, बावड्यात दोनदा घरातून उपसलाय, ओळखू येतो.

मालकाला विचारलं तर म्हणाला, मी घेतली २०२२ ला, आधीचं मला माहिती नाही. खरं बोलत असेल, चेहरा पडला होता त्याचा. टोकन दिलं नव्हतं, निघून आलो. त्या लाल रंगाकडं परत वळून बघितलं, वाईट वाटलं.

कराडला २०२१ ची १.० टीएसआय मॅन्युअल मिळतेय, एकच मालक, ४१ हजार रनिंग. साडेसहा सांगतोय. बजेटच्या वर आहे, पण स्विफ्टला चांगला भाव आला तर जमेल. रविवारी बायको आणि मुलगी दोघींना घेऊन जातोय. इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर विम्यात घ्यावं का? आणि काका, येऊ शकाल का? सात वाजता तावडे हॉटेलपाशी थांबतो.

उद्यमनगर_काका

कव्हर घ्याच. पाण्यात स्टार्टर मारला आणि कनेक्टिंग रॉड वाकला तर साध्या पॉलिसीत सहसा काही मिळत नाही. आणि घरचं सगळ्यांना सांगून ठेवा, पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करायची नाही, ढकलायची.

रविवारी येतो. कराडच्या मालकाला आजच फोन करून सांगा, आम्ही पोचेपर्यंत गाडी चालू करू नका, इंजिन थंड पाहिजे.