धाप लागेपर्यंत पळायचं, की बोलत बोलत?
(बेळगाव परिसरातल्यांची चर्चा; नावाच्या जागी बोलणाऱ्याचा भाग)

येळ्ळूर रोड
दोन वेळा झपाट्यानं सुरुवात केली आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात बूट कपाटात गेले. रोज राजहंसगडाचा चढ, हातात घड्याळ, कालच्यापेक्षा अर्धं मिनिट तरी कमी झालंच पाहिजे हा हट्ट. वरच्या वळणावर तोंडात लोखंडासारखी चव यायची, पोटऱ्या दगड व्हायच्या. रात्री अंथरुणावर पडल्यावरच उद्याच्या चढाची धास्ती वाटायची. मग एक दिवस पाऊस, दुसऱ्या दिवशी पाहुणे, की संपलं.

तिसऱ्यांदा उलटं केलं. आठवड्याला तीनदाच पळायचं. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग. चढ आला की सरळ चालायचं. दोन वर्षं झाली, गेल्या पावसाळ्यातही खंड नाही. शिवाय दम काही आठवड्यांत वाढतो, टाचेमागची शीर आणि नडगीचं हाड मजबूत व्हायला महिने लागतात. आपण दमाच्या भरवशावर वेग वाढवतो आणि पाय धरून बसतो.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी तर ८०० मीटर पळणाऱ्या पीटर स्नेललाही आठवड्याला १०० मैलांची सवय लावली. त्यानं १९६० साली रोममध्ये सुवर्ण आणलं. तिथंही पाया आधी, वेग नंतर. आपल्याकडं मॅरेथॉन जाहीर झाली की पहिल्याच आठवड्यात सगळे सुसाट सुटतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तालीमवाला, कंग्राळी
अर्धीच गोष्ट सांगितलीत की ओ. लिडियार्डच्या पोरांचं ते पळणं रमतगमत नव्हतं, चांगलं टिकवून धरलेल्या वेगाचं होतं. आणि पाया झाल्यावर तो चढावर उड्या मारून घ्यायचा, मग ट्रॅकवर वेग. तुम्ही पायावरच घर बांधून राहिलात.

जपानात इझुमी ताबाता यांचा १९९६ चा प्रयोग बघा. २० सेकंद जीव तोडून सायकल, १० सेकंद विसावा, अशा सात-आठ फेऱ्या. सहा आठवड्यांत दमही वाढला आणि झटक्याची ताकदही. शरीराकडं मागितल्याशिवाय ते देत नाही. आणि आनंद म्हणाल तर शंभरावा जोर मारून लाल मातीत पालथं पडल्यावर छाती जी धडधडते, त्यातला आनंद बोलत बोलत चालणाऱ्याला कळायचा नाही.

वडगाव
मी मागावर काम करतो, दिवसभर उभाच. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शन सांगतंय की आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, नाहीतर ७५ ते १५० मिनिटं जोराचा. माझ्याकडं १५० मिनिटं नाहीतच. म्हणून माझं मत तालीमवाल्यांना.

गणेशपूर
भाऊ, तुमचं जोर मारणं तुमच्या जागी. माझं वय ५८, रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्या गोळीनं नाडी मुळातच संथ राहते, त्यामुळं नाडी जास्तीत जास्त किती जाईल हे काढायला २२० मधून वय वजा करायचं ते गणित मला लागूच पडत नाही. बोलता येतंय का, एवढी एकच खूण मला उपयोगी पडली. व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली रोज ४० मिनिटं चालते. पहिल्या वर्षी मैत्रीण पुढं पळायची आणि मी फरफटत मागं. तेव्हा घरी येऊन रडलेय. पँटेलेमॉन एकेकाकिस या संशोधकाचं याच विषयावर काम आहे: धाप आवरेनाशी झाली की बहुतेकांना व्यायाम नकोसा वाटायला लागतो. ज्याला आवडतं त्यानं खुशाल करावं, खरं नव्या माणसाला तिथून सुरुवात करायला लावू नये. आणि जोराचा म्हणजे कुणाचा जोर? कॅम्पातला साधा चढ हाच माझ्यासाठी जोराचा व्यायाम.

येळ्ळूर रोड
ताई, अगदी हेच म्हणायचं होतं. तालीमवाले, पुढचं सांगायचं राहिलं हे कबूल. खरं स्टीफन सायलर या संशोधकानं अव्वल धावपटू, होडी वल्हवणारे, स्कीवाले यांच्या सरावाचा हिशेब मांडलाय, त्यात साधारण ८० टक्के सत्रं सोपीच निघाली.

तालीमवाला, कंग्राळी
ती माणसं आठवड्याला दहा-बारा वेळा सराव करतात. ८० टक्के सोपा ठेवूनही त्यांच्या वाट्याला दोन कठीण दिवस येतात. तुम्ही तीनदा पळता, त्याचे ८० टक्के काढून राहतंय काय? वडगाववाल्यांना तर मुळीच परवडणार नाही.

येळ्ळूर रोड
हा मुद्दा पटला. तीनातला एक दिवस चढाचा ठेवतो. घड्याळ मात्र नेणार नाही, त्यानंच माझा घात केला होता. आणि वडगाववाले, पहिले दोन महिने तरी जपून. पाय मागावर आधीच थकलेले असतात, तो भार कुणी मोजत नाही.

तालीमवाला, कंग्राळी
ते बरोबर. आमचे वस्तादही नव्या पोराला आल्या आल्या लढत देत नाहीत. महिनाभर आखाड्यातली माती उकरून घेतात, मोजके जोर, मोजक्या बैठका, बस्स. खरं त्यानंतर लढत देतात. तुम्ही दोन वर्षं माती उकरताय, माझं भांडण एवढंच आहे.