अनमोड घाटात गाडी तापते, शहरात तापत नाही: कूलिंग सिस्टीम घरी धुवावी का?

कुर्टीवासी

सर्वांना नमस्कार. माझी पेट्रोल हॅचबॅक ११ वर्षे जुनी आहे आणि गेली तीन वर्षे ती माझ्याकडे आहे. मागच्या रविवारी आम्ही फोंड्याहून बेळगावला निघालो. गाडीत पाच माणसे होती, डिकी भरलेली होती आणि एसी सुरू होता. मोले मागे टाकून अनमोड घाट अर्धा चढलो नाही, तोच तापमानाचा काटा नेहमीची जागा सोडून लाल रेषेकडे सरकला. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडले, तर कूलंटच्या बाटलीत पाणी खदखदत होते. पाऊण तास थांबलो, बाटलीत पाणी घातले आणि बेळगावचा बेत सोडून घरी परतलो.

एरवी फोंड्याच्या बाजारातील कोंडीत काटा जागचा हलत नाही आणि रेडिएटरचा पंखाही वेळेवर सुरू होतो. वर्षभर बाटलीतील पातळी उतरली की मी घरच्या विहिरीचे पाणी घालत आलो. आता ते पाणी गुळाच्या चहासारखे तांबूस दिसते. गॅरेजमध्ये रेडिएटर बदलण्याचा सल्ला मिळाला, तर शेजारी थर्मोस्टॅट (इंजिन तापले की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून टाका असे म्हणतात. खर्चाला माझी ना नाही, परंतु रोग न कळता औषध घ्यायचे नाही. सिस्टीम घरी धुऊन काढली तर भागेल का, आणि ती कशी धुवावी?

पाना_पक्कड

आपण धुण्याबद्दल विचारले आहे, पण माझे लक्ष दुसऱ्याच वाक्याकडे गेले. वर्षभर पाणी घालावे लागले, याचा अर्थ ते वर्षभर कुठेतरी जात होते. ही सिस्टीम बंदिस्त असते आणि तिच्यातील पाणी सहसा कमी होत नाही. ती वाट सापडल्याशिवाय सिस्टीम धुतली, तर सहा महिन्यांनी आपण पुन्हा याच जागी असाल.

पंखा चालतो आणि कोंडीत गाडी तापत नाही, म्हणून पंखा, त्याचा फ्यूज आणि रिले यांवर तूर्त संशय नको. घाटात इंजिनवर भार अधिक, उष्णता अधिक आणि वेग कमी असतो. तिथेच गाडी तापते, म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची ताकद कमी पडते आहे. असे होण्याची कारणे चार: रेडिएटर आतून किंवा बाहेरून बुजलेला असणे, थर्मोस्टॅट पुरता न उघडणे, रेडिएटरचे झाकण दाब न धरणे आणि हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचे हेड यांमधील सील) जाणे.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना सुरुवात झाकणापासून करावी. गरम इंजिनचे झाकण कधीही उघडू नये, कारण दाब सुटताच आतील पाणी उसळून हात आणि चेहरा भाजतो. झाकणाची स्प्रिंग साधारण १ बार दाब धरते आणि त्या जादा दाबाखाली पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. झाकणाचे रबर चिरलेले असेल, तर हा २० अंशांचा आधार जातो आणि घाटात पाणी उकळून वाफेच्या रूपाने निघून जाते. त्यानंतर होज पाइपच्या क्लिपांजवळ आणि वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रापाशी वाळलेल्या पाण्याचे पांढरट किंवा तांबूस ओघळ आहेत का ते पाहावे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, थंड इंजिन सुरू करताच कूलंटमध्ये सतत येणारे बुडबुडे किंवा सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर दिसला, तर गॅस्केटचा संशय धरून गाडी थेट मेकॅनिककडे न्यावी.

थर्मोस्टॅट मात्र काढून टाकू नये. तो नसला की इंजिन पुरेसे गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त जाते. शिवाय काही इंजिनांत बायपासची वाट उघडी राहते, त्यामुळे बरेचसे पाणी रेडिएटरकडे न जाता तसेच फिरते.

डिचोलीचा प्रवासी

वरील सर्व मुद्दे पटले. त्यांत आपल्या भागापुरती एक भर घालतो. उसगाव-तिस्क, धारबांदोडा या बाजूला ये-जा असेल, तर तांबडी धूळ रेडिएटरच्या पत्र्यांत बसते, आणि ती समोरून दिसत नाही. समोर दिसते ती एसीची जाळी; तिच्या मागे बोटभर फटीत माती आणि चतुरांचे पंख यांचा लगदा साचतो. माझ्या गाडीत तो वाळून शेणाच्या गोवरीसारखा घट्ट झाला होता. इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेने मंद धारेचे पाणी सोडून तो काढावा. प्रेशर वॉशरने पत्रे दुमडतात.

विहिरीचे पाणी कृपया थांबवावे. जांभ्यातील विहिरीचे पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी असते आणि त्यात लोहही असू शकते. पण त्याहून मोठी अडचण अशी की, साधे पाणी घालून घालून कूलंटमधील गंजरोधक द्रव्य विरळ होत जाते. तो तांबूस रंग बहुतेक इंजिनच्या आतील गंजाचाच असावा.

धुण्याची माझी पद्धत अशी. थंड इंजिनचा खालचा होज सोडून सगळे पाणी टबात घ्यावे, साधे पाणी भरावे, हीटर पूर्ण गरमवर ठेवून वरचा होज तापेपर्यंत इंजिन चालवावे, पुरते निवू द्यावे आणि पुन्हा सोडावे. पाणी नितळ येईपर्यंत हे करायचे. मला पाच फेऱ्या आणि दोन दिवस लागले. शेवटची फेरी डिस्टिल्ड वॉटरची असावी. इथे एक चूक हमखास होते: कितीही सोडले तरी थोडे पाणी इंजिनच्या ब्लॉकमध्ये राहते, म्हणून तयार मिश्रण भरले तर ते पातळ होते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या एकूण क्षमतेच्या निम्मे कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेले) कूलंट आधी ओतावे आणि वरचे डिस्टिल्ड वॉटरने भरावे. कूलंट पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच घ्यावे. रंग सारखा म्हणजे प्रकार सारखा, असे नसते, आणि न जुळणारे प्रकार एकत्र केल्यास गाळ धरण्याची शक्यता असते.

हवा काढण्यासाठी गाडीचे नाक चढाकडे करून, झाकण न लावता, हीटर चालू ठेवून इंजिन सुरू ठेवावे. पंखा दोनदा फिरेपर्यंत बुडबुडे येतात. पातळी उतरेल तसे वरून भरत राहावे आणि चेहरा दूर ठेवावा.

कुर्टीवासी

दोघांचेही मनापासून आभार. झाकणाचे रबर एका बाजूने चिरलेले निघाले. ऑइल स्वच्छ आहे आणि बुडबुडे नाहीत. थर्मोस्टॅट काढून पातेल्यात थर्मामीटरसह तापवला. त्यावर ८२ हा आकडा कोरलेला आहे, पण ९५ अंशांपर्यंत तो नखभरच उघडला. त्याच्या कडेला गंजाचा जाड थर होता. झाकण, थर्मोस्टॅट आणि त्याचे गॅस्केट नवीन आणले आहे. पाणी चौथ्या फेरीला नितळ आले. जुने पाणी टबात झाकून ठेवले आहे. ते माडाच्या आळ्यात ओतले तर चालेल का?

पाना_पक्कड

अजिबात ओतू नये. त्यात कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल हे रसायन शिल्लक असणारच. ते विषारी आहे आणि गोडसर असल्यामुळे कुत्री-मांजरे ते चाटतात. आपली विहीरही जवळच असेल. पहिल्या फेरीचे पाणी कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून, वर चिठ्ठी डकवावी आणि जळके ऑइल वेगळे साठवून रीतसर उचलायला देणाऱ्या गॅरेजला विचारून तिथे द्यावे.

आता बाटलीवर आजच्या पातळीची पेनाने खूण करावी आणि दोन आठवडे रोज सकाळी थंड इंजिनवर पाहावी. खूण जागेवर राहिली, तर आधी एकट्याने, सामान न घेता अनमोड चढून यावे आणि मगच कुटुंबाला घेऊन बेळगावला जावे.

कुर्टीवासी

कॅन भरून ठेवला आहे. आज सकाळी पातळी खुणेवरच होती. हा चौथा दिवस. घाट चढून आलो की इथेच कळवतो.