गोळी फुकट मिळते, मग वस्तीतली माणसं कशाला?

कृष्णाकाठची
परवा इथे एका सदस्याने लिहिलं की एचआयव्हीची औषधं सरकार फुकट देतं, आजार आटोक्यात आलाय, मग वस्त्यावस्त्यांत संस्था आणि पीअर एज्युकेटर (वस्तीतल्याच, आपल्यासारख्यांना माहिती देणाऱ्या बायका-माणसं) कशाला पोसायचे? सगळं सिव्हिलकडे सोपवा. दोन दिवस गप्प बसले. आता राहवत नाही.

मी १४ वर्षं या भागात ओआरडब्ल्यू, म्हणजे वस्तीत फिरणारी कार्यकर्ती होते. मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीची रोजची गोळी, सुरू झाली १ एप्रिल २००४ ला. सांगलीच्या गोकुळनगरात, धंद्यातल्या बायकांच्या वस्तीत, ‘संग्राम’ या संस्थेने १९९२ मध्ये काम सुरू केलं, १९९६ मध्ये तिथल्या बायकांनी स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. म्हणजे गोळी यायच्या किती तरी आधी. तेव्हा हातात फक्त कंडोम होता आणि एकमेकींचा शब्द.

कंडोमचं गणित सिव्हिलमध्ये बसून कळत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, दुप्पट देतो, पण कंडोम नको. एकीने नाही म्हटलं तर ते शेजारच्या दारात जातं. नाही म्हणणारी उपाशी, हो म्हणणारी आजारी. अख्ख्या गल्लीने, धंद्याची घरं चालवणाऱ्या घरवाल्यांसकट, एकत्र ठरवलं तरच तो दुसरं दार शोधू शकत नाही. हे ठरवून घेणारी बाई त्याच गल्लीतली लागते. कोलकात्याच्या सोनागाछी या अशाच वस्तीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ पासून हेच केलं, तिथल्याच बायकांना कामाला घेतलं. नव्वदच्या दशकात मुंबईत धंद्यातल्या निम्म्याहून जास्त बायका पॉझिटिव्ह निघत होत्या, सोनागाछीत तो आकडा दहा टक्क्यांच्या आसपासच राहिला.

हिशेबी
ताई, जाना साहेबांबद्दल आदर आहे. पण मी काही वर्षं अशा प्रकल्पांचे हिशेब तपासलेत. एका जिल्ह्यात (नाव घेत नाही) रजिस्टरवर महिन्याला हजारो कंडोम वाटलेले, आणि मागच्या खोलीत खोकी तशीच, मुदत संपलेली. पीअर बाईची सही दर पानावर एकाच शाईची. तिचं मानधन चार महिने थकलेलं, प्रकल्प व्यवस्थापकाच्या दारात मात्र नवी गाडी. करदात्याने हे का सोसायचं?

आणि प्रतिबंध खरंच हवा असेल तर लग्नाआधी चाचणी सक्तीची करा. आपल्याकडे पत्रिका बघतात, मानपान बघतात, गुंठे मोजतात. रक्त कोणी बघत नाही. माझ्या मामेबहिणीला २१ व्या वर्षी दिलं. मुलगा पॉझिटिव्ह आहे हे त्याच्या घरी सगळ्यांना ठाऊक होतं. बाळंतपणाच्या तपासणीत हिला कळलं. त्या एका कागदाने तिचं आयुष्य वाचलं असतं.

वॉर्डातली सिस्टर
तुमच्या बहिणीवर झाला तो गुन्हाच. पण सक्तीचा कागद तिला वाचवणार नव्हता. संसर्ग नुकताच झाला असेल तर विंडो पिरियडमध्ये, म्हणजे लागण चाचणीत दिसायला लागेपर्यंतच्या काळात, चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. आणि सक्ती आली की पैसे टाकून दाखला मिळतो, आपल्याकडे कुठला दाखला मिळत नाही? गोव्यात २००६ मध्ये असा प्रस्ताव आला होता, तेव्हाही विरोधाचं हेच कारण होतं. आता तर २०१७ चा एचआयव्हीचा कायदाच आहे, समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय चाचणी करता येत नाही.

हिशेबी
कायदा पॉझिटिव्ह माणसाची गुप्तता सांभाळतो. माझ्या बहिणीची बाजू कोण सांभाळतं? तुम्ही सगळे एका सुरात बोलता कारण तुमच्या घरात हे घडलेलं नाही.

वॉर्डातली सिस्टर
माझ्या घरात काय घडलंय हे तुम्हाला माहीत नाही, तेव्हा ते काढू नका. मी ३० वर्षं लेबर वॉर्डात काढली. एका खासगी रुग्णालयात असताना पॉझिटिव्ह बाईच्या केसपेपरवर लाल मार्करने एवढ्या मोठ्या अक्षरात लिहायचे की वॉर्डबॉयपासून भेटायला आलेल्या दिरापर्यंत सगळे वाचायचे. एका बाईला कळा सुरू असताना तिथून दुसरीकडे पाठवलं, ती रिक्षात बाळंत झाली. सक्तीच्या चाचणीचा कागद गावात पोचला की काय होतं ते मी पाहिलंय. त्यात नवरा सुटतो, बाई अडकते.

बार्देशकर
सक्तीचा विषय निघाला म्हणून. आमच्या गोव्यात डॉमिनिक डिसोझा नियमित रक्तदान करायचा. १९८९ मध्ये त्याचं रक्त पॉझिटिव्ह निघालं आणि तेव्हाच्या आरोग्य कायद्याखाली पोलिसांनी त्याला उचललं, जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस डांबून ठेवलं. का, ते त्याला आधी सांगितलंही नव्हतं. तो कोर्टात लढला. पुढे १९९२ मध्ये त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी गेला. गोव्यातलं वस्तीपातळीवरचं काम अशा माणसापासून सुरू झालं. ज्याला डांबलं होतं, त्याच्यापासून.

हिशेबी
डांबा असं मी कुठे म्हटलं? सांगा एवढंच म्हणतोय. मुलीच्या बापाला विचारायचा हक्क आहे की नाही?

कृष्णाकाठची
आहे, आणि मुलीलाही आहे. दोघांनी मिळून आयसीटीसीला, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात जावं, समुपदेशकासमोर बसावं. मी अशी १०-१२ जोडपी स्वतः नेली आहेत. त्यातली दोन लग्नं एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह कळूनही झाली. गोळी नियमित चालू आहे, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला आहे, म्हणजे शरीरसंबंधातून लागण होत नाही. एका घरात मुलगी झाली, निगेटिव्ह. हे सगळं सक्तीच्या खिडकीवर होत नाही हो. तिथे फक्त शिक्का मिळतो.

कंपालाहून
मूळ प्रश्नावर येतो. मी नोकरीनिमित्त नऊ वर्षं युगांडात आहे. इथे ‘टासो’ ही संस्था १९८७ मध्ये नोएरीन कालीबा यांनी सुरू केली, नवरा एड्सने गेल्यावर. सुरुवातीला औषध काहीच नव्हतं, मरणाऱ्याजवळ बसायला माणसं होती. आफ्रिकेतलंच आणखी एक उदाहरण मला फार आवडतं. मोझांबिकच्या तेते प्रांतात दवाखाना इतका लांब की गोळ्या आणायला अख्खा दिवस जायचा. २००८ पासून तिथे जास्तीत जास्त सहा जणांचे गट केले. दर महिन्याला एकाने जायचं, सगळ्यांच्या गोळ्या आणायच्या, कोण आजारी आहे ते डॉक्टरला सांगायचं. पुढच्या महिन्यात दुसऱ्याची पाळी. आपल्या भिशीसारखं. “सिव्हिलकडे सोपवा” म्हणणाऱ्यांनी एकदा एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज यांचा हिशेब करावा.

पण एक कबूल करतो. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा इथे रातोरात दवाखान्यांतली माणसं घरी बसली. वस्तीचं काम दुसऱ्याच्या पैशावर किती उभं होतं ते तेव्हा दिसलं.

कृष्णाकाठची
हे बरोबर आहे. म्हणूनच सांगलीचं उदाहरण परत देते. अमेरिकेने अट घातली होती की वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं लिहून द्या, तरच पैसे. ‘संग्राम’ने २००५ मध्ये तो निधी सोडला. ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्याच विरोधात सही कशी करायची?

आणि हिशेबीदादा, खोकी मीही पाहिली आहेत. टार्गेट वरून येतं, बाई घाबरून आकडा भरते. चूक आहेच. पण चार महिने मानधन थकलं असताना ती भर पावसात दारोदार जात होती, हेही तुमच्या हिशेबात धरा. २०२२ मध्ये गोळ्यांचा तुटवडा झाला तेव्हा दिल्लीत नॅकोच्या, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संघटनेच्या दारात महिनाभरावर ठाण मांडून कोण बसलं होतं? पॉझिटिव्ह माणसंच. सिव्हिलचा कोणी कर्मचारी गेला नव्हता.

हिशेबी
ठीक आहे. सक्तीचा मुद्दा सोडतो, पटला म्हणून नाही, बनावट दाखल्यांचं उत्तर माझ्याकडे नाही म्हणून. मुलाच्या घरच्यांनी लपवलं तर शिक्षा व्हावी, यावर मात्र ठाम आहे. आणि संस्थांचे हिशेब दरवर्षी त्याच वस्तीसमोर वाचून दाखवा, मग मी तक्रार करणार नाही.

एक गोष्ट पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवी होती, रागात राहून गेली. नवरा गेल्यावर बहिणीने गोळ्या बंद केल्या होत्या. सात महिने. आम्ही घरचे समजावून थकलो. तिला पुन्हा एआरटी सेंटरला नेलं ते विहानच्या, म्हणजे पॉझिटिव्ह माणसांना आधार देणाऱ्या प्रकल्पाच्या एका बाईने. ती स्वतः पॉझिटिव्ह होती. तिने पर्समधून स्वतःची डबी काढली आणि बहिणीसमोर गोळी घेतली, एवढंच.

वॉर्डातली सिस्टर
बहिणीचा शेवटचा व्हायरल लोड कधी केला? सात महिन्यांचा खंड होता, म्हणून विचारते. वर्षातून एकदा तरी व्हायला हवा.

हिशेबी
माहीत नाही. आज फोन करून विचारतो.