जॉन हॅनकॉक सेंटर: घरे वर आणि कार्यालये खाली का?

प्रश्न (वास्तुविद्यार्थी):
शिकागोतील जॉन हॅनकॉक सेंटर या 100 मजली, 344 मीटर उंच इमारतीच्या आराखड्याचा मी अभ्यास करीत आहे. वास्तुरचनाकार ब्रूस ग्रॅहम आणि संरचना अभियंता फजलुर खान यांनी तीत दुकाने, वाहनतळ, कार्यालये आणि घरे एकावर एक रचली. कार्यालये खाली आणि घरे 44व्या मजल्याच्या वर हा क्रम केवळ उंचीवरील घरांना चांगली किंमत येते म्हणून ठरला, की त्यामागे रचनेचे कारण आहे? इमारतीच्या निमुळत्या आकाराशी त्याचा संबंध आहे, की तो आकार फक्त वाऱ्यासाठी आहे?

उत्तर (मोजपट्टी):
संबंध थेट आहे. तळाशी इमारत साधारण 81 मीटर लांब आणि 50 मीटर रुंद आहे, तर माथ्यावर ती जेमतेम 49 बाय 30 मीटर उरते. कार्यालयात खिडकीपासून दूरच्या जागेतही टेबले मांडता येतात, बैठकीच्या खोल्या काढता येतात. घरात मात्र निजायच्या व बसायच्या खोलीला उजेड हवाच, त्यामुळे मधल्या गाभ्यापासून (उद्वाहने म्हणजे लिफ्ट आणि जिने असलेल्या भागापासून) बाहेरच्या भिंतीपर्यंतचे अंतर फार वाढले की आतली जागा अंधारी आणि जवळजवळ निरुपयोगी होते. म्हणजे खालचे ऐसपैस मजले कार्यालयांना आणि वरचे आटोपशीर मजले घरांना आपसूकच सोयीचे ठरतात. वाऱ्याला सामोरे जाणारे क्षेत्र वरच्या बाजूला कमी होते, हा लाभ आहेच; परंतु मला तरी हा आकार प्रथम वापरातून आला असे वाटते.

उत्तर (पोलादी):
उद्वाहनांचा मुद्दा राहून गेला. कार्यालयांत सकाळी एकाच वेळी गर्दी लोटते, म्हणून त्यांना उद्वाहने जास्त लागतात. कार्यालये वर नेली असती तर त्यांचे सारे उभे मार्ग खालच्या प्रत्येक मजल्यातून न्यावे लागले असते आणि वरच्या लहान मजल्यांचा मोठा वाटा त्यांतच संपला असता. येथे रहिवासी जलद उद्वाहनाने 44व्या मजल्यावरील मधल्या दालनात पोहोचतात आणि तेथून दुसऱ्या उद्वाहनाने आपल्या मजल्यावर जातात.

दर्शनी भागावरील प्रचंड फुल्या शोभेच्या नाहीत. बाहेरचे खांब आणि हे तिरपे कर्ण मिळून एक ताठ नळी बनते, वाऱ्याचा भार ती पेलते, आणि खांबांवरचे वजनही कर्णांमुळे आपापसांत वाटले जाते. परिणामी दर चौरस मीटरला सुमारे 145 किलो पोलाद पुरले. एम्पायर स्टेट बिल्डिंगला 200 किलोंहून अधिक लागले होते. काही खिडक्यांसमोर कर्ण आडवे येतात, ही किंमत मात्र रहिवाशांना मोजावी लागते.

वास्तुविद्यार्थी:
दोघांचेही आभार. मग 2010 साली खुल्या झालेल्या, 828 मीटर उंचीच्या बुर्ज खलिफाचे काय? तेथे हॉटेल खाली, घरे मध्ये आणि कार्यालये सर्वांत वर आहेत. क्रम अगदी उलटा!

उत्तर (मोजपट्टी):
उलटा दिसतो, पण कार्यालये कोणत्या प्रकारची आहेत हे पाहावे. माथ्याकडील त्या निमुळत्या मजल्यांवर शेकडो कर्मचारी एका सभागृहात बसवण्याचा हेतूच नाही. ती मोजक्या लोकांसाठीची लहान दालने आहेत, म्हणून उद्वाहनांवरचा ताणही त्या मानाने कमी. शिवाय त्या इमारतीचा तळ तीन पाकळ्यांचा असल्याने खालच्या मजल्यांवरही प्रत्येक पाकळी अरुंद राहते आणि खोल्यांना खिडकी मिळते. हॅनकॉकच्या तळाचा सलग आयत हॉटेलच्या खोल्यांना मुळीच परवडला नसता. आपण दोन्ही इमारतींचे मजल्यांचे आराखडे एकाच प्रमाणात काढून, गाभ्यापासून काचेपर्यंतचे अंतर मोजून पाहावे. क्रमाचा उलगडा तेथेच होईल.