कोजागिरीच्या दुधाचा पंचनामा

ग्रुप: सोसायटी ऑफिशियल (फॉरवर्ड टाकू नयेत)

सकाळी ७:१२

जोशी काकू, ए-४०४: सुप्रभात. काल कोजागिरी छान झाली, मुलांनी गाणीही छान म्हटली. पण एक विचारते, रागावू नका. दूध कुठून आणलं होतं? ह्यांना काहीच नाही, पण माझ्या पोटात रात्रभर गुरगुर. पहाटेपर्यंत तीन खेपा झाल्या.

राणे, बी-२०३: काकू, सेम टू सेम. पोट नगाऱ्यासारखं झालंय. आज ऑफिसला दांडी.

शिंदे वहिनी, बी-६०४: आमच्याकडे मला आणि सासूबाईंना त्रास. मुलं मात्र ठणठणीत.

निखिल, सी-७०१: भेसळ! दुसरं काय? युरिया, डिटर्जंट, काय काय घालतात हल्ली. मी मीटिंगमध्येच म्हटलं होतं, ए-टू दूध घ्या. थोडे पैसे जास्त गेले असते, पण ही वेळ आली नसती.

देशमुख (सेक्रेटरी), ए-१०१: दूध आपल्या नेहमीच्या गवळ्याचं. २५ लिटर, म्हशीचं. मी स्वतः तीन तास पातेल्याजवळ उभा होतो. आटवून १८ लिटर केलं. बिल फाइलला लावलंय, कोणीही येऊन बघावं.

निखिल: लॅक्टोमीटर लावला होता का?

देशमुख: आटवलेल्या, साखर-केशर-बदाम घातलेल्या दुधात लॅक्टोमीटर काय डोंबल सांगणार?

कदम, सी-१०२: क्लबहाउसच्या फ्रिजमध्ये ३ लिटर उरलंय. त्यातलं वाटीभर घेऊन आयोडीनचा थेंब टाकून पाहिला. निळं झालं नाही. म्हणजे पीठ किंवा स्टार्च तरी नाही. बाकीचं लॅबमध्येच कळेल.

चौधरीजी, ए-७०२: माझे तर चार ग्लास झाले. रात्री एकदम मस्त झोप लागली. 🙏

पवार आजोबा, बी-१०१: शुभ सकाळ. आजचा सुविचार: आरोग्य हीच खरी संपत्ती.

देशमुख: आजोबा, ग्रुपचं नाव वाचा.

सकाळी ८:०५

साठे मॅडम, सी-५०२: गवळ्याला फाशी देण्याआधी जरा थांबाल का? ३१ वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलंय, त्यामुळे गप्प बसवत नाही. पातेलं एक, दूध एक. जोशी काकूंना त्रास, काकांना नाही. शिंदे वहिनींना त्रास, मुलांना नाही. दुधात युरिया असता तर तो माणूस बघून बाधला असता का?

राणे: मॅडम, मग काय? आमचीच पोटं खराब?

साठे मॅडम: खराब अजिबात नाहीत. ऐका. दुधात स्वतःची एक साखर असते, लॅक्टोज. ही साखर आतड्याला जशीच्या तशी शोषता येत नाही. आधी तिचे दोन तुकडे करावे लागतात, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. ते काम लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर बसलेलं एक प्रथिन करतं. त्याचं नाव लॅक्टेज.

निखिल: लॅक्टोज की लॅक्टेज? एकच ठरवा.

साठे मॅडम: दोन्ही आहेत बाळा. माझ्या विद्यार्थ्यांचे निम्मे मार्क इथेच जायचे. 'ओज' ती साखर, 'एज' ती कात्री. या कात्रीला इंग्रजीत एन्झाइम म्हणतात, आपल्या पुस्तकात विकर.

आता प्रथिन म्हटलं की तुम्हाला डाळ आणि जिममधला डबा आठवतो. पण प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. लॅक्टेजची माळ तयार होते तेव्हा तिच्यात १,९२७ मणी असतात, नंतर काही भाग छाटला जातो. मणी एकूण २० प्रकारचे. कुठला मणी कुठे ओवायचा हे जनुकात लिहिलेलं असतं, डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांत, दर तीन अक्षरांना एक मणी. ओवलेली माळ आपोआप गुंडाळली जाते आणि तिला एक ठरावीक आकार येतो. त्या आकारात एक खाच असते. लॅक्टोज त्या खाचेत बरोबर बसतं आणि तुटतं. आकार बिघडला की काम थांबलं.

शिंदे वहिनी: म्हणजे आमचं जनुक बिघडलंय? सासूबाई विचारतायत, त्यांनी ऑडिओवर ऐकलं.

साठे मॅडम: नाही! गंमत तिथेच आहे. तुमचं लॅक्टेजचं जनुक ठणठणीत आहे. जन्मल्यावर तुम्ही सगळ्याजणी दुधावरच वाढलात की नाही? फक्त मोठेपणी ते जनुक मंद झालंय.

सी विंगचा जिन्यातला दिवा आठवा. दिवा आमच्याकडे आणि बटण बी विंगच्या मीटर रूममध्ये. का, तर बिल्डरची कृपा. इथेही तसंच आहे. लॅक्टेजचं जनुक दोन नंबरच्या गुणसूत्रावर आहे. त्याचं बटण मात्र शेजारच्या दुसऱ्याच जनुकाच्या पोटात, जवळजवळ १४,००० अक्षरं लांब. त्या शेजाऱ्याचा दुधाशी काही संबंध नाही. तिथलं एकच अक्षर वेगळं असलं, सी च्या जागी टी, की बटण मोठेपणीही चालू राहतं. फिनलंडमधल्या संशोधकांनी हे अक्षर २००२ मध्ये शोधलं.

राणे: म्हणजे माझा दिवा बंद.

साठे मॅडम: अगदी मिणमिणता तरी असेलच.

जोशी काकू: पण मॅडम, मी लहानपणी माहेरी पेलाभर धारोष्ण दूध प्यायचे हो. कधी काही झालं नाही.

साठे मॅडम: त्याचंच हे उत्तर आहे काकू. गाय असो, मांजर असो, उंदीर असो, सस्तन प्राण्यांचं पिल्लू दूध सोडतं तसं लॅक्टेज कमी होत जातं. जी वस्तू पुढे मिळणारच नाही तिच्यासाठी कात्र्या कशाला बनवत बसायच्या? माणसातही मूळ पद्धत हीच. जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांमध्ये लॅक्टेज असंच कमी झालेलं असतं. तेव्हा तुम्ही बहुसंख्य. नवलाचे आहेत ते चौधरीजी.

चौधरीजी: मी?? 😂

साठे मॅडम: होय, तुमचं बटण बहुतेक चालूच अडकलंय. ते टी अक्षर आपल्या देशात वायव्येकडे जास्त आढळतं, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी होत जातं. आपण मधले, म्हणून आपल्याकडे खिचडी. आणि आपल्या गोपालकांमध्ये सापडणारा हा बदल युरोपातल्यासारखाच, एकाच मुळाचा आहे. आफ्रिकेत आणि अरबस्तानात मात्र त्याच बटणाच्या आसपास वेगळी अक्षरं बदललीत. कुलूप एक, किल्ल्या निरनिराळ्या. पण कृपा करून आडनाव बघून कोणाचं बटण ठरवू नका. एकाच घरात दोन्ही प्रकार सापडतात, काकूंचंच घर बघा.

जोशी काकू: ह्यांना पचतं, मला नाही. मग अमेय कोणावर गेलाय? तो तर रोज दोन ग्लास पितो.

साठे मॅडम: ह्या बाबतीत बाबांवर. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. चालू बटणाची एक प्रत असली तरी सहसा पुरते. तुमच्याकडून त्याला बंदवाली आली असणार, काकांकडून चालूवाली.

जोशी काकू: ह्यांना दाखवू नका, डोक्यावर चढून बसतील.

सकाळी ८:४०

निखिल: मॅडम, सगळं मान्य. पण ए-टू दूध घेतलं असतं तर हे झालंच नसतं. देशी गाईचं दूध हलकं असतं.

साठे मॅडम: आता तुझा हिशेब करू. ए-वन, ए-टू हे दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनाचे प्रकार आहेत. गाईच्या एका जनुकात एक अक्षर बदललं की त्या प्रथिनाचा ६७ वा मणी बदलतो. ए-टू मध्ये तिथे प्रोलीन असतं, ए-वन मध्ये हिस्टिडीन. विज्ञान म्हणून छान आहे. पण तो मणी प्रथिनातला. लॅक्टोज दोन्हींत सारखंच. राणेंच्या पोटाला ६७ व्या मण्याचं सोयरसुतक नाही. शिवाय काल दूध म्हशीचं होतं, आणि म्हशीचं दूध ए-टू च असतं. तुझी मागणी न मागता पूर्ण झाली होती.

देशमुख: हा मेसेज मी पिन करू का? 😂

निखिल: ओके ओके. पण मी रोज चहा-कॉफीत दूध घेतो, तेव्हा काही होत नाही. कालच का?

साठे मॅडम: हा खरा प्रश्न. देशमुख साहेब, २५ लिटर म्हणालात ना? दुधात लॅक्टोज साधारण ५ टक्के. म्हणजे पातेल्यात सव्वा किलो लॅक्टोज. तुम्ही आटवलंत, पाणी उडालं, साखर थोडीच उडते? सव्वा किलो १८ लिटरमध्ये आली. दोनशे मिलीच्या एका ग्लासात झाली सुमारे १४ ग्रॅम. बटण बंद असलेल्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत फारसं जाणवत नाही. चहातल्या दुधात दोनेक ग्रॅम. राणे, काल किती ग्लास?

राणे: ... तीन. आणि बासुंदीसारखं खाली बसलेलं खरवडून.

साठे मॅडम: मग ४२ ग्रॅमच्या वर. न तुटलेली साखर मोठ्या आतड्यात गेली. तिने पाणी ओढून घेतलं, म्हणून खेपा. तिथल्या जिवाणूंनी ती आंबवली, वायू तयार झाला, म्हणून नगारा. गवळी निर्दोष असावा असा माझा अंदाज. अंदाजच, मी काही डॉक्टर नाही.

कदम: मी लॅबवाला माणूस म्हणून दुजोरा देतो. याची तपासणीही असते. लॅक्टोज पाजून ठरावीक वेळाने श्वासातला हायड्रोजन मोजतात. आपल्या पेशी हायड्रोजन बनवत नाहीत, जिवाणू बनवतात. तो रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासात येतो. वाढला तर समजायचं साखर खाली पोचली.

राणे: हायड्रोजन? मग माझ्याजवळ काडी पेटवू नका.

प्रियांका, बी-४०२: मॅडम, घाबरून विचारतेय. माझी मुलगी आठ महिन्यांची आहे, दोन दिवस शी पातळ होतेय. तिलाही हेच असेल का? दूध बंद करू?

साठे मॅडम: नाही प्रियांका, अंगावरचं दूध अजिबात बंद करू नकोस. एवढ्या लहान वयात बटण चालूच असतं. जन्मापासूनच लॅक्टेज नसणं फार क्वचित, आणि ते पहिल्या काही दिवसांतच कळतं. जुलाबानंतर आतड्याचं अस्तर सोलवटून लॅक्टेज थोडे दिवस कमी होऊ शकतं, ते परत भरून येतं. पण हे सगळं ग्रुपवर ठरवायचं नाही. आजच बालरोगतज्ज्ञांकडे ने.

कदम: आणि मोठ्यांनीही, शीवाटे रक्त, ताप किंवा वजन कमी होत असेल तर दुधावर खापर फोडून घरी बसू नये. दुधाची ॲलर्जी हाही वेगळा प्रकार. तिथे शरीर दुधातल्या प्रथिनावर चिडतं, अंगावर पित्त उठतं, श्वास अडकू शकतो. त्याचा लॅक्टोजशी संबंध नाही.

प्रियांका: थँक यू. अकराची अपॉइंटमेंट मिळाली.

पवार आजोबा: मला एक समजत नाही. आपल्याकडे हजारो वर्षं गाई-म्हशी. निम्म्यांना दूध पचत नव्हतं तर लोक करत काय होते?

साठे मॅडम: आजोबा, तुमच्या आईने रोज रात्री काय केलं?

पवार आजोबा: विरजण लावलं.

साठे मॅडम: बस्स. दह्यातल्या जिवाणूंकडे त्यांची स्वतःची कात्री असते. काही लॅक्टोज ते विरजतानाच संपवतात, उरलेलं तुमच्या पोटात गेल्यावरही कापत राहतात. लोणी कढवून तूप केलं की लॅक्टोज जवळजवळ उरतच नाही. युरोपातल्या जुन्या हाडांमधला डीएनए वाचला तेव्हाही हेच दिसलं. सुरुवातीच्या शेतकऱ्यांकडे चालू बटण नव्हतं, तरी दूधदुभतं होतं. आधी मडकं आलं, जनुक मागाहून पसरलं. माझ्या मते विरजण हा माणसाने लावलेल्या सगळ्यात हुशार शोधांपैकी एक आहे, पण त्याचं श्रेय कुठल्या आजीला द्यायचं कोण जाणे.

निखिल: आणि ते लॅक्टोज-फ्री दुधाचे खोके?

साठे मॅडम: तेही तेच, फक्त कारखान्यात. यीस्ट किंवा बुरशीकडून लॅक्टेज बनवून घेतात आणि दुधात सोडतात. ग्लुकोज मोकळं झाल्यामुळे ते दूध जरा गोड लागतं. बुरशीच्या जनुकावरून बनलेलं प्रथिन आपल्या ग्लासात बसून आपलं काम करतं, त्याला कोणाच्या विंगशी देणंघेणं नसतं.

सकाळी ९:२०

देशमुख: ठराव: पुढच्या वर्षी अर्धं मसाला दूध, अर्धं मठ्ठा. आणि दूध एकच ग्लास.

राणे: अनुमोदन. 'एकच' हा शब्द काढून.

शिंदे वहिनी: सासूबाई म्हणतायत, साठेबाईंना सांग, माझं बटण बंद आहे हे सत्तर वर्षांनी कळलं, पण बरं वाटलं. आतापर्यंत सगळे म्हणायचे, मनाचे खेळ आहेत.

जोशी काकू: गवळ्याला कोणी काही बोललं नाही ना अजून?

देशमुख: निखिलने सकाळी सातलाच फोन करून झापलंय. आता तोच जाऊन सॉरी म्हणेल.

निखिल: हो, जातो. 🙏

साठे मॅडम: आणि सेक्रेटरी साहेब, विषय निघालाच आहे तर सी विंगच्या दिव्याचं बटण सी विंगमध्ये कधी येणार? दोन वर्षं झाली अर्ज देऊन.

देशमुख: इलेक्ट्रिशियनला शनिवारी बोलावलंय मॅडम.

कदम: फ्रिजमधल्या ३ लिटरचं काय करायचं ते सांगा. दुपारी फ्रिज डीफ्रॉस्ट करायचाय.

जोशी काकू: साखर-केशर घातलेल्या दुधाचं विरजण लागेल का हो?

चौधरीजी: विरजण कशाला काकू, मी पातेलं घेऊन खालीच येतोय.